निबंधाला वाचक हवा

शाळेत मूल जे काही लिहिते, ते बहुतेक वेळा अशा माणसासाठी लिहिते, ज्याला त्यातून नवे काहीच जाणून घ्यायचे नसते. विषय शिक्षकानेच दिलेला असतो, त्यावर साधारण काय लिहून येईल याचा त्याला अंदाज असतो, आणि वही उघडताना त्याच्या मनात 'हे मूल काय सांगते आहे' याऐवजी 'हे कोठे चुकले आहे' हा प्रश्न असतो. मुले ही गोष्ट फार लवकर ओळखतात. एकदा ती ओळखली, की ज्यात चूक सापडणार नाही असे वाक्य लिहिणे हाच शहाणपणा ठरतो. मग स्वतः पाहिलेल्या पावसाऐवजी सर्वांच्या वहीतला पाऊस पडतो, झाडे 'हिरवीगार' होतात, आनंद 'गगनात मावेनासा' होतो, आणि निबंधाचा शेवट 'तो दिवस मी कधीच विसरणार नाही' या वाक्याने होतो, मग लिहिणाऱ्याला तो दिवस लिहितानाही आठवत नसला तरी चालते.

मी भाषा शिकवते, आणि लेखन शिकवण्याविषयीचा माझा विचार दिवसेंदिवस याच एका मुद्द्यापाशी येऊन थांबू लागला आहे. शब्दसंग्रह तोकडा, वाचन कमी, व्याकरण कच्चे अशी जी कारणे आपण मुलांच्या नीरस लेखनासाठी देतो, त्यांत तथ्य आहेच. पण त्या सगळ्यांच्या आधीची उणीव वाचकाची आहे. ज्याला खरोखर काही कळून घ्यायचे आहे आणि जो न कळल्यास तसे सांगेल, असा वाचक समोर नसेल, तर चांगला शब्द निवडण्याचे किंवा वाक्य नीट बांधण्याचे मुलाला कारणच उरत नाही.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लेखन मुलांना इतके अवघड का जाते, याची फार नेमकी मांडणी केली आहे. लिहिलेल्या भाषेत आवाज नसतो आणि समोर ऐकणाराही नसतो. बोलताना पुढचे वाक्य आपल्याला समोरचा माणूस पुरवत असतो: तो प्रश्न विचारतो, भुवया उंचावतो, 'मग?' असे म्हणतो, आणि त्या प्रत्येक खुणेसरशी आपले बोलणे पुढे सरकते. लिहिताना हा सगळा प्रसंग मुलाला स्वतःच्या मनात उभा करावा लागतो. शिवाय लिहिण्याची गरजच त्याला अजून जाणवलेली नसते, हेही व्हिगॉट्स्की सांगतात. मधल्या सुट्टीत एखादा प्रसंग रंगवून रंगवून सांगणारा मुलगा तोच प्रसंग वहीत चार ओळींत का संपवतो, याचे उत्तर त्याच्या आळसात शोधण्याऐवजी येथे शोधावे, असे मला वाटते. पुढे कार्ल बेरायटर आणि मार्लीन स्कार्डामालिया या कॅनडातील संशोधकांनी मुलांच्या लेखनाचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यात मुलाने 'झाले' म्हटल्यावर त्याला कोणताही मुद्दा न सुचवता केवळ 'अजून लिही' असे म्हटले, तरी मजकूर बराच वाढतो असे दिसून आले. सांगण्यासारखे त्या मुलापाशी होते, 'मग?' म्हणणारे कोणी नव्हते.

वाचकाच्या या अभावाची सर्वांत ठळक खूण म्हणजे सर्वनामे. 'आम्ही तिकडे गेलो तेव्हा त्याने ते उचलले आणि तो ओरडला' असे वाक्य वहीत आले, की शिक्षक त्याखाली रेघ ओढतो आणि समासात 'कोण?' असे लिहितो. मुलाला मात्र 'तो' कोण आणि 'ते' काय हे लख्ख दिसत असते. त्याच्या डोळ्यांसमोरचे चित्र वाचकाच्या डोळ्यांसमोर नाही, ही गोष्ट त्याला अजून उमगलेली नाही, आणि ती सर्वनामाचे प्रकार पाठ करून उमगणारही नाही.

ती उमगण्यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटलेला उपक्रम अगदी साधा आहे आणि अनेक शिक्षक तो आपापल्या परीने करतात. एका मुलाला भौमितिक आकारांनी बनलेले एक चित्र द्यायचे, ते चित्र शब्दांत लिहायला सांगायचे, आणि ते लिखाण दुसऱ्या मुलाला देऊन केवळ त्यावरून चित्र काढायला सांगायचे. अट एकच: चित्र काढणाऱ्याने काही विचारायचे नाही आणि लिहिणाऱ्याने तोंड उघडायचे नाही. एकाने लिहिले होते, 'आधी एक चौकोन काढ. त्याच्या वर त्रिकोण काढ. बाजूला गोल काढ.' काढणाऱ्याने कागदाच्या मध्यावर चौकोन काढला, त्यापासून बरेच वर हवेत तरंगणारा एक लहानसा त्रिकोण काढला, आणि उरलेल्या जागेत चौकोनाच्या दुप्पट मोठा गोल काढला. लिहिणारा कासावीस झाला होता, पण बोलायची परवानगी नव्हती. चित्र आणि मूळ आकृती शेजारी ठेवल्यावर त्याला मी काहीच समजावून सांगितले नाही. तो स्वतःच वही ओढून घेऊन 'चौकोनाची वरची रेघ हीच त्रिकोणाची खालची रेघ' असे लिहू लागला.

दुसऱ्या फेरीत नेहमी उलटी अडचण येते. मुले आता इतक्या सूचना देतात, की वाचणारा त्यांत हरवून जातो: कोणती रेघ, किती बोटे लांब, डावीकडून की उजवीकडून. मग कोणाच्या तरी लक्षात येते, की 'हे एका घराचे चित्र आहे, घराशेजारी सूर्य आहे' असे आधी सांगून टाकले, तर पुढची निम्मी वाक्ये लागतच नाहीत. हे चालेल का, यावर वर्गात वाद होतो, आणि तो वाद होऊ द्यावा. परिच्छेदाच्या सुरुवातीला त्याचा आशय सांगणारे वाक्य असावे, हा नियम आपण फळ्यावर लिहून देतो तेव्हा तो मुलांना शिस्तीचा भाग वाटतो. येथे त्यांना त्याचे काम दिसते: ते वाक्य वाचकाला पुढचे सगळे तपशील कोठे बसवायचे ते आधीच सांगून ठेवते. तपशील किती द्यावा, कशाच्या आधी काय सांगावे, वाचकाला काय गृहीत धरता येते, हे लेखनातले सगळे मोठे प्रश्न या लहानशा खेळात येतात, आणि त्यांचा निकाल शिक्षकाच्या मर्जीवर अवलंबून नसतो, हे त्याचे मोठे मोल आहे.

वाचक मिळवून देण्याचा हा विचार नवा नाही. फ्रान्समधील शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२० च्या दशकात आपल्या खेड्यातील शाळेत छपाईचे एक लहानसे यंत्र आणले. मुलांनी स्वतःच्या इच्छेने लिहिलेले मजकूर वर्गात वाचले जात, त्यांतून निवड होई, निवडलेल्या मजकुरावर सगळे मिळून काम करत, आणि मग मुले स्वतः खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवून तो छापत. छापलेली पाने दूरच्या दुसऱ्या शाळेतील मुलांकडे जात आणि त्यांची पाने इकडे येत. आपले गाव, आपले काम, आपले घर ज्याने कधीच पाहिलेले नाही, अशा वाचकासाठी लिहिताना स्पष्टीकरण आपोआप आवश्यक होते, आणि खिळा खिळा जुळवून छापायचे असेल तर शब्द चुकीचा जाऊ नये याची काळजी शिक्षकापेक्षा मुलालाच अधिक असते. आज छपाई यंत्राची गरज नाही. भिंतीवरचा फलक, वर्गाचे हस्तलिखित, किंवा खालच्या इयत्तेतील मुलांसाठी वरच्या इयत्तेने लिहिलेली गोष्टींची वही एवढेही पुरते. माझा अनुभव असा, की लहान मुलांसाठी लिहायचे म्हटले की एरवी भारदस्त शब्दांच्या मागे लपणारी मुलेसुद्धा सरळ लिहू लागतात.

आता व्याकरणाकडे येते, कारण पालकांचा पहिला आक्षेप तेथून येतो. व्याकरण शिकवू नये असे माझे म्हणणे नाही. भाषेची रचना समजून घेणे हा स्वतंत्र आनंद आहे आणि तो मुलांना मिळायलाच हवा. पण व्याकरणाच्या तासामुळे निबंध सुधारतो, या समजुतीला पुराव्याचा आधार फारसा मिळालेला नाही. १९६३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, लेखनविषयक संशोधनाचा आढावा घेणाऱ्या एका अहवालाने असा निष्कर्ष काढला होता, की औपचारिक व्याकरण शिकवण्याचा लेखनावरील परिणाम नगण्य असतो, आणि त्यासाठी लेखनाच्या सरावाचा वेळ खर्ची पडत असल्याने तो अपायकारकही ठरू शकतो. २००७ मध्ये स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन या संशोधकांनी चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांवरील अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा इतर पद्धतींच्या तुलनेत सुटे व्याकरण शिकवण्याच्या परिणामाचे माप उणे ०.३२ निघाले, म्हणजे ते शिकलेल्या मुलांचे लेखन इतरांपेक्षा कमी सरस ठरले. याउलट आखणी, लेखन आणि सुधारणा यांच्या पायऱ्या उघडपणे शिकवणे आणि सारांशलेखन शिकवणे या दोन्हींचे माप ०.८२, मुलांनी एकमेकांच्या साहाय्याने लिहिण्याचे ०.७५, आणि वाक्ये जोडण्याच्या सरावाचे ०.५० होते. हे आकडे इंग्रजीच्या शिक्षणातून प्रामुख्याने आलेले आहेत, त्यामुळे ते जसेच्या तसे मराठीला लावावेत असे मी म्हणणार नाही. पण वाक्ये जोडण्याचा सराव मराठीत तर अधिकच फळतो, असे मला वर्गात दिसले आहे.

त्याचे कारण मराठीच्या घडणीत आहे. 'मांजर भिंतीवर बसले होते. मांजर भुकेले होते. खाली चिमणी दाणे टिपत होती. चिमणीचे मांजराकडे लक्ष नव्हते.' अशी चार वाक्ये फळ्यावर लिहून त्यांचे एक वाक्य करायला सांगितले, तर तीन-चार निराळी रूपे सहज मिळतात. 'भिंतीवर बसलेले भुकेले मांजर खाली दाणे टिपणाऱ्या बेसावध चिमणीकडे पाहत होते' असे एकाने केले. त्यावर लगेच दुसऱ्याने हरकत घेतली, की मांजर पाहत होते असे कोठे दिले आहे? 'खाली चिमणी दाणे टिपत होती, आणि वर भिंतीवर बसलेल्या भुकेल्या मांजराकडे तिचे लक्ष नव्हते' असे दुसरे रूप आले. 'मांजर भुकेले होते. ते ज्या भिंतीवर बसले होते, तिच्या खालीच चिमणी दाणे टिपत होती, आणि तिचे लक्ष नव्हते' हे तिसरे. तिन्ही शुद्ध आहेत, म्हणून 'बरोबर कोणते' हा प्रश्न येथे गैरलागू होतो आणि 'वाचताना कोठे धस्स होते' हा प्रश्न विचारता येतो. बहुतेकांना ते दुसऱ्यात आणि तिसऱ्यात होते, कारण 'लक्ष नव्हते' हे अगदी शेवटी कळते. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने वाक्याचा भार शेवटच्या दोन-तीन शब्दांवर पडतो, आणि तेथे काय ठेवायचे हे लिहिणाऱ्याच्या हाती असते. पहिल्या वाक्यात 'बसलेले', 'टिपणाऱ्या' अशा धातुसाधितांनी सगळे आधीच सांगून टाकले असल्यामुळे शेवटाला काही उरत नाही. ही चर्चा करताना धातुसाधित विशेषण, संबंधी सर्वनाम, मिश्र वाक्य ही नावे मी सांगते, पण चर्चा झाल्यावर सांगते. तेव्हा त्या नावांना चिकटायला काहीतरी असते. याच्या जोडीला उलटा सरावही हवा. एक पाल्हाळिक वाक्य तोडून त्याची तीन वाक्ये करायला लावली नाहीत, तर मुले लांब वाक्य म्हणजे चांगले वाक्य अशी समजूत करून घेतात, आणि मग 'आणि', 'मग', 'त्यानंतर' यांना अंत राहत नाही.

लहान इयत्तांची गोष्ट वेगळी आहे. तेथे हातच मनाच्या आड येतो. देवनागरी लिपी ध्वनीला धरून चालते म्हणून सोपी असे आपण म्हणतो, पण ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर आणि लेखनात व्यंजनाआधी येते, आणि 'र' हे एकच अक्षर 'सूर्य', 'चक्र', 'ट्रक' आणि 'दुसऱ्या' या चार शब्दांत चार वेगळी रूपे घेते, हे सहा-सात वर्षांच्या मुलाच्या बाजूने पाहिले पाहिजे. प्रत्येक अक्षराच्या वळणावर लक्ष खर्च होत असेल, तर वाक्याची सुरुवात काय होती हे शेवटाला येईपर्यंत त्याच्या ध्यानातून निसटते. म्हणून या वयात मूल सांगते आणि मोठे माणूस उतरून घेते, ही पद्धत फार कामाची आहे. गोष्ट लांबते, तिच्यात माणसे बोलू लागतात, आणि आपण बोललेले कागदावर टिकते हे मुलाला कळते. अक्षर गिरवण्याचा सराव त्याच्या बरोबरीने रोज थोडा व्हावा. एकाच कामात दोन्ही साधण्याचा आग्रह धरला, तर सुंदर अक्षरातली रिकामी वाक्ये मिळतात.

शुद्धलेखनाबाबत माझे धोरण कोणाला सैल वाटेल. मूल जे चुकते ते बहुधा काही नियमाने चुकते. ज्याने 'फूल' बरोबर लिहिले आणि पुढे 'फूलाला' लिहिले, त्याने आपल्या परीने सुसंगतपणाच दाखवला आहे. प्रत्यय लागताना शब्दातील उपान्त्य, म्हणजे शेवटच्या अक्षराआधीचा, दीर्घ ईकार-ऊकार ऱ्हस्व होतो, हे त्याला ठाऊक नाही एवढेच. अशा वेळी त्याच्याच वहीतून 'मूलाला', 'वीटेवर', 'गरीबाला' असे शब्द वेचून एका ओळीत मांडले आणि शेजारी 'मुलाला', 'विटेवर', 'गरिबाला' मांडले, तर नियम तो स्वतः सांगतो. आणि 'शरीराला' मध्ये असे का होत नाही, हे विचारून तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांच्या दाराशीही येतो. एका लिखाणातील सर्वच्या सर्व चुकांवर लाल खुणा केल्याने मात्र मुलाला एकच गोष्ट कळते, ती म्हणजे पुढच्या वेळी कमी लिहावे. एका वेळी एका जातीच्या चुका घ्याव्यात. बाकीच्या दिसत असूनही सोडून देण्याला धीर लागतो, विशेषतः वही घरी पालकांच्या नजरेला पडणार असेल तेव्हा.

लिहिलेले सुधारणे हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेझ या अमेरिकन संशोधकांनी १९८० च्या सुमारास लेखनाचे जे प्रारूप मांडले, त्यात आखणी, शब्दांकन आणि पुनरावलोकन या क्रिया एकीमागून एक होत नाहीत. लिहिणारा त्यांच्यात सारखा ये-जा करत असतो. शाळेतील निबंध मात्र एका तासात, एका दमात, पक्क्या वहीत लिहायचा असतो, आणि 'पुन्हा लिही' याचा अर्थ 'स्वच्छ अक्षरात उतरवून काढ' असा होतो. सुधारणेचा खरा अर्थ कळण्यासाठी मुलाने आपले लिखाण दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे. वाचणारा जेथे अडखळतो, तेथे वाक्याची मोड बिघडलेली असते, आणि ते सांगायला शिक्षकाची गरज पडत नाही. ऐकणाऱ्या मुलांनाही अभिप्राय द्यायला शिकवावे लागते, नाहीतर सगळ्यांना सगळेच 'छान' वाटते. मी त्यांना मत मागतच नाही. 'तुझ्या डोळ्यांसमोर काय आले?', 'कोठे गोंधळलास?', 'आणखी काय ऐकायला आवडले असते?' एवढेच विचारते. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे लिहिणाऱ्याला सर्वांत जास्त कामाला लावतात.

शिक्षकाने स्वतः मुलांसमोर लिहावे, हे मात्र आवर्जून सांगायला हवे. टॉलस्टॉय यांनी यास्नाया पोल्याना येथे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी चालवलेल्या शाळेविषयी १८६२ मध्ये एक लेख लिहिला. त्याचे शीर्षकच 'लेखन कोणी कोणाकडून शिकावे' असा प्रश्न विचारणारे आहे. त्यांनी एका म्हणीवर गोष्ट लिहायला सांगितली, मुलांना ते अवघड वाटले, तेव्हा ते स्वतःच लिहू लागले. मुले भोवती जमली, खुर्चीवर ओणवी झाली, आणि हे असे नाही, ते तसे असायला हवे, असे सुचवू लागली. त्यांच्या सूचनांतील कलात्मक जाण पाहून हा जगद्विख्यात होऊ घातलेला लेखक थक्क झाला. आपल्यापैकी कोणी टॉलस्टॉय नाही, आणि ते एका परीने बरेच आहे. फळ्यावर शिक्षकाचे वाक्य अडते, तो शब्द खोडतो, 'हे जमले नाही' असे म्हणतो, तेव्हा खोडणे हा लेखनाचाच भाग आहे हे मुलांना पाहायला मिळते.

राहता राहिली परीक्षा. तयार निबंधांची पुस्तके पूर्वीही होती. आता यंत्राला सांगितले की ते क्षणात निबंध लिहून देते, आणि तो त्या पुस्तकांतल्या निबंधांपेक्षा पुष्कळदा बरा असतो, हे मान्य करून टाकलेले बरे. ज्या निबंधाला वाचकच नाही, तो कोणी लिहिला याने मुलाला काय फरक पडणार? वर्गात, सर्वांसमोर, टप्प्याटप्प्याने घडलेल्या आणि ओळखीच्या वाचकापर्यंत पोहोचलेल्या लिखाणाला हा प्रश्न फारसा शिवत नाही, म्हणून गुणांचा काही वाटा या टप्प्यांना द्यावा, असे मी शक्य तेथे सुचवत असते. वर्षभरातले सगळेच लिखाण शेवटापर्यंत न्यायची गरज नाही. थोडेच न्यावे, पण ते वाचले जाईल असे पाहावे.

आणि परीक्षक हाही अखेर एक वाचकच आहे, हे मुलांपासून लपवू नये. त्याला तुम्ही माहीत नाही, तो घाईत आहे, त्याच्यापुढे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आहे. त्याला तुमचा मुद्दा पहिल्या परिच्छेदात सापडला तर तो आभारी होईल, आणि परिच्छेद वेगळे दिसले तर अधिकच. निबंधाच्या आरंभी टाकायचा म्हणून पाठ केलेला सुविचार त्याने त्याच गठ्ठ्यात कितीदा वाचला असेल, असे विचारले, की मुले आधी हसतात, आणि मग पुष्कळजण तो सुविचार खोडून टाकतात.